'वृक्षारोपण करावे' : नववीला दरड, पूर, वादळ शिकवायचं तरी कसं?

भूगोलवाली | २९ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. दक्षिण रायगडातल्या एका अनुदानित हायस्कुलात भूगोल शिकवते. हा धागा थोडा वैतागून काढतेय, सांभाळून घ्या.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना एक गोष्ट फार टोचली. प्रश्न दरडीचा असो, पुराचा असो की दुष्काळाचा, उपाय तेच तीन : वृक्षारोपण करावे, जनजागृती करावी, शासनाने मदत करावी. एकाने भूकंपालाही वृक्षारोपण लिहिलंय. स्टाफरूममध्ये आम्ही हसलो.

मग दुसऱ्या एका पेपरावर तेच उत्तर आलं आणि हसू गेलं. तो मुलगा ज्या वाडीतला आहे ती वाडी गेली तीन वर्षं जुलैत आठ-आठ दिवस आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये मुक्कामाला असते. तहसीलची नोटीस येते, ग्रामसेवक येतात, ट्रॅक्टरमधून अंथरुणं येतात. त्याची आजी दर वेळी बकऱ्यांसाठी परत वर जायला निघते आणि तो तिला अडवतो. वरची भेग किती वाढली हे त्याला तोंडपाठ. आणि पेपरात त्याने लिहिलं, 'वृक्षारोपण करावे'. मी अर्धा गुण दिला.

चूक त्याची नाही, आम्ही तसंच लिहून देतो. नववीला अंतर्गत हालचाली आणि बाह्यप्रक्रिया भूगोलात, आपत्ती व्यवस्थापन विज्ञानात, हवामान बदल आणखी कुठे. मुलांच्या डोक्यात या तिघांची गाठच पडत नाही. 'विस्तृत झीज' ही संज्ञा पाठ आहे, पण घरामागचा डोंगर सुटतो त्यालाच विस्तृत झीज म्हणतात, हे कुणी सांगितलेलं नाही.

१५ जूनला शाळा उघडेल. ४७ मुलं, पैसे शून्य, प्रोजेक्टर वीज असेल तर. काय करता येईल?

पोटार्थी | २९ मे, रात्री १०.५२

दहावीला हे किती मार्कांना येतं?

भूगोलवाली | २९ मे, रात्री ११.०१

@पोटार्थी, हा प्रश्न पालकसभेत ऐकते, इथेही आलाच! फार नाही येत.

कातळपडवी | ३० मे, सकाळी ७.२०

ताई, धागा आवडला. मी भूगर्भशास्त्र शिकलो, सध्या रस्त्यांच्या कामावर आहे. म्हणजे डोंगर कापणाऱ्यांच्या बाजूचा माणूस समजा. :)

तुमच्या त्या वृक्षारोपणाबद्दल आधी. झाडं वाईट नाहीत. मुळं वरची दीड-दोन मीटर माती धरून ठेवतात आणि उथळ घसरणीला त्याचा उपयोग होतो. पण आपल्याकडच्या मोठ्या दरडींत मामला खोलवरचा असतो. बेसॉल्ट कुजून झालेला मुरूम आणि मातीचा जाड थर, खाली टणक कातळ. पाऊस सलग चार दिवस लागला की पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जातं आणि पुढे वाट नाही म्हणून तिथेच साठतं. मातीचं वजन वाढतं, कणांमधलं पाणी कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं आणि पकड जाते. मग अख्खा थर झाडांसकट खाली येतो. फोटो बघा, ढिगाऱ्यात उभी झाडं दिसतात.

आता गंमत. आपण लहानपणापासून भिंतींवर वाचलं 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. दुष्काळी माण-खटावला शंभर टक्के बरोबर. वस्तीच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर तोच मंत्र उलटा पडू शकतो. तिथे सलग समतल चर खणून पाणी जिरवलं तर तुम्ही त्या कातळावरच्या टाकीत भर घालताय. तिथे पाणी गटाराने बाजूला काढून द्यायचं असतं. उपाय उतारावर आणि मातीवर अवलंबून, हे नववीच्या मुलाला कळलं तर भूगोल कळला म्हणेन मी.

आणि पायथा. रस्त्यासाठी किंवा घराच्या जोत्यासाठी पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो. पोत्यांच्या थप्पीतलं खालचं पोतं ओढून दाखवा वर्गात, एक मिनिटात समजतं.

सह्यवेडी | ३० मे, सकाळी ९.०५

कातळपडवी, माळीणबद्दल काय म्हणाल? तिथे पडकईवर खापर फुटलं होतं.

कातळपडवी | ३० मे, दुपारी १.३०

माळीण, तालुका आंबेगाव, ३० जुलै २०१४. १५१ माणसं गेली. सकाळची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळलं.

पडकई म्हणजे उतारावर एकमेकांच्या मदतीने हाताने केलेली भातखाचरं. महादेव कोळ्यांची जुनी रीत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आक्षेप होता तो ही कामं यंत्राने, मोठ्या प्रमाणावर, तीव्र उतारावर झाली याला. दुसरी बाजू म्हणते की तसा पाऊस असता तर पडकई नसतानाही डोंगर आला असता. माझं मत विचाराल तर पाऊस हे निमित्त, उतार आणि मातीचा थर ही मूळ तयारी, आणि माणसाने केलेली छेडछाड यात कमी-जास्त वाटेकरी. एकच आरोपी शोधणं पत्रकार परिषदेत ठीक, वर्गात नको.

पुनर्वसनही शिकवा. आमडे इथे नवं गाव वसवलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये घरं दिली, आणि पहिल्याच पावसात भराव खचला, रस्ते उखडले. नवी जागा पण शेवटी सह्याद्रीतलीच.

भूगोलवाली | ३० मे, रात्री ९.४०

पोत्यांची थप्पी! उद्याच रेशन दुकानात सांगून ठेवते.

माळीणची तारीख वाचून आठवलं, केरळातल्या वायनाडची दरडही ३० जुलैचीच, २०२४ ची. बरोब्बर दहा वर्षांनी. योगायोग आहे, पण जुलैचा शेवट हा योगायोग नाही. आमच्या रायगडातलं तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तोवर दीड महिना पाऊस पिऊन डोंगर तुडुंब झालेला असतो.

इर्शाळवाडीचं मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे की दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हतीच. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. यादी शिकवावी की यादीच्या पलीकडे बघायला शिकवावं?

इरिगेशनवाले आप्पा | ३१ मे, सकाळी ६.१०

भूगोलवाली ताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम सांगली. पहाटेच उठतो, म्हणून हा वेळ.

तुमच्या भागात डोंगर, आमच्याकडे नदी. आमच्या सांगलीत लहान पोरगंसुद्धा फुटाच्या भाषेत बोलतं. 'आयर्विनला किती?' एवढाच प्रश्न. आयर्विन पूल १९२९ चा. तिथे ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. कोल्हापूरकरांचं राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याच्या रेषेवर आणखी बारा फूट, म्हणजे एक मजला. त्याच वेळी आमच्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला टँकर चालू होते. हे एक उदाहरण घेतलं तरी पर्जन्यछाया, नदीखोरं, धरण, हवामान सगळं त्यात येतं.

दोन रेषा जरूर शिकवा. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची, दोन रेषांमधल्या जागेत नियंत्रित बांधकाम. नियम छान आहे. नदीकाठी फिरून बघा, निळ्या रेषेत काय काय उभं आहे.

'शंभर वर्षांचा पूर' या शब्दाने लोक फसतात. २००५ ला आला, आता शंभर वर्षं निवांत, असं मी स्वतः सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलंय. मग २०१९, लगेच २०२१. अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता. फासा दर वर्षी नव्याने पडतो. ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या काळात निदान एकदा तो पूर दारात यायची शक्यता सुमारे २६ टक्के. गणिताच्या सरांना सोबत घ्या, ०.९९ चा तिसावा घात काढून एकातून वजा करायला सांगा. आणि हे पाऊस बदलला नाही असं धरून हं. जुन्या नोंदींवर काढलेली शंभर वर्षांची रेषा उद्या पन्नास वर्षांचीही निघेल.

पोटार्थी | ३१ मे, सकाळी ८.४४

आप्पा, कर्नाटकातल्या त्या अलमट्टी धरणाचं काय ते सांगा की. सगळे म्हणतात त्यांनीच बुडवलं.

इरिगेशनवाले आप्पा | ३१ मे, सकाळी ११.००

वाट बघत होतो कोण विचारतंय याची!

अलमट्टी १२३ टीएमसीचं, पूर्ण साठा पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर. कोयना १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर, हे पोरांना लिहून काढायला सांगा, शून्यं मोजताना घाम फुटतो. अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी, सांगलीपर्यंत येतो की नाही यावर दोन राज्यं भांडतायत, तज्ज्ञांतही एकमत नाही. मी माझं सांगतो : पाणी वरून किती आलं, धरणं आधीच किती भरलेली होती, विसर्ग कधी सुरू केला आणि नदीच्या पात्रात आपण काय काय भरलं, हे चारही हिशेब मांडल्याशिवाय शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. पोरांना दोन गटांत बसवा, एक कर्नाटक, एक महाराष्ट्र, आणि वाद घालू द्या. मधल्या सुट्टीनंतर गट उलटे करा.

वाशिष्ठीकाठ | ३१ मे, दुपारी ४.२५

चिपळूणहून लिहितेय. आप्पांच्या कोयनेचं पाणी आमच्या अंगणात येतं हे कितीजणांना माहितीये? कोयना पूर्वेला वाहणारी नदी, पण वीज करून झाली की ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत. कृष्णेचं पाणी अरबी समुद्राला. नकाशात बोट फिरवून दाखवा, मुलं चकित होतात.

२२ जुलै २०२१ ला पहाटेपासून पाणी वाढत गेलं. त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिमी पडला. आमची पहिल्या मजल्याची तिसरी पायरी बुडाली तेव्हा आई देवघर वर घेऊन आली आणि मी दहावीची प्रमाणपत्रं. फ्रीज तरंगताना पाहिलाय? मी पाहिलाय, कपाटासारखा हळूच फिरत होता.

गाळ! पाणी दोन दिवसांत गेलं, गाळ काढताना महिने गेले. नदीतला गाळ काढा म्हणून लोक साखळी उपोषणाला बसले, त्यानंतर यंत्रं उतरली. पूर म्हटलं की पाठ्यपुस्तकात निळं पाणी असतं, आमच्या आठवणीत चॉकलेटी चिखल आणि डिझेलचा वास आहे. 'परिणाम : जीवितहानी, वित्तहानी' यात हे कुठे बसवू?

भूगोलवाली | ३१ मे, रात्री १०.३०

वाशिष्ठीकाठ, तुमची ती तिसरी पायरी मला वर्गासाठी हवी आहे. चालेल का? मुलांना घरोघरी जाऊन २०२१ च्या पाण्याची खूण विचारायला सांगेन. भिंतीवर, पायरीवर, आंब्याच्या बुंध्यावर. अशा साठ खुणा जमल्या तर आमची स्वतःची पूररेषा तयार होते!

वाशिष्ठीकाठ | ३१ मे, रात्री १०.४१

घ्या की. दोन वीट रंगवलेली अजून तशीच आहे.

टेम्सकाठी | १ जून, पहाटे २.५०

इथे इंग्लंडमध्ये माझी लेक दहावीच्या तोडीच्या परीक्षेला बसतेय, विषय भूगोल. त्यांचा एक अख्खा विभागच नैसर्गिक धोके, हवामान बदल आणि नदी-किनाऱ्यांचं व्यवस्थापन यावर. तिला घेतलेलं एक उदाहरण सांगते.

होल्डरनेसचा किनारा, ईशान्य इंग्लंड. मऊ मातीचे कडे, वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर समुद्रात जातात. मॅपलटन नावाचं लहानसं गाव आणि तिथला रस्ता वाचवायला १९९१ मध्ये दगडांचे दोन बांध समुद्रात काढले. गावापुढे वाळू साठली, गाव वाचलं. पण ती वाळू पुढे दक्षिणेला सरकायची होती, ती अडली, आणि दक्षिणेकडच्या शेतांची धूप वाढली. प्रश्न असा : हे करायला हवं होतं का? सहा-नऊ मार्कांचं उत्तर, हो म्हणा किंवा नाही म्हणा, कारणं द्या.

दुसरं, वेल्समधलं फेअरबोर्न. त्या गावाला सांगितलंय की २०५४ च्या सुमारानंतर समुद्रापासून संरक्षण करत बसणं परवडणार नाही. घरांच्या किमती कोसळल्या. लेक म्हणते, 'आई, आजोबांचं श्रीवर्धनचं घर फेअरबोर्न आहे का मॅपलटन?' मला उत्तर देता आलं नाही.

इथलंही सगळं आलबेल नाही. उदाहरणं पाठ करून ओकणारी मुलं इथेही ढिगाने. हैतीमध्ये गरिबी म्हणून माणसं मेली, चिलीत श्रीमंती म्हणून वाचली, एवढ्यावर बोळवण. २०१० मध्येच चिलीचा भूकंप ८.८ चा, मृत्यू पाचशेच्या आसपास. हैतीचा ७.० चा आणि मृत्यू लाखांत. फरक खरा आहे, पण कारण एका शब्दात संपत नाही.

माळवद | १ जून, सकाळी १०.१५

टेम्सकाठी यांच्या शेवटच्या परिच्छेदावर लिहितो. मी किल्लारीजवळच्या एका गावचा. तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. ६.२ चा भूकंप. चिलीच्या मानाने किरकोळच म्हणायचा. माणसं गेली दहा हजारांच्या घरात.

आमच्याकडे घराची भिंत जितकी जाड तितकं घर मोठं. दगड आणि माती, वर लाकडी माळवद, त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गार. पाटलांचा वाडा सगळ्यात भारी, तो सगळ्यात आधी बसला. पत्र्याच्या आणि कुडाच्या झोपड्यांतली माणसं बाहेर आली. मग 'गरीब मरतो, श्रीमंत वाचतो' हे सूत्र आमच्या गावात कसं लावणार? जड छपराने मारलं. आणि कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, कारण दख्खनचं पठार स्थिर असं तेव्हाचे मास्तरही शिकवत. कोयनेचा १९६७ चा भूकंप धरणाच्या साठ्याशी जोडून मोकळे झालेले. आमच्याकडे तर एवढं मोठं पाणीही नव्हतं.

मी आता शिक्षक नाही, गवंडीकामाचे ठेके घेतो. कोपऱ्यात आणि दरवाज्यांवर सलग पट्टा टाकल्याशिवाय भिंत उचलत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं.

भूगोलवाली | १ जून, सकाळी ११.०२

माळवद दादा, काय लिहावं सुचत नाहीये. तुमची परवानगी असेल तर हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवेन.

माळवद | १ जून, दुपारी १२.४०

वाचा. नाव नको.

खारेपाटातला | १ जून, संध्याकाळी ६.३५

टेम्सकाठी ताईंचे दगडी बांध वाचून आमचे धूपप्रतिबंधक बंधारे आठवले. कोकणात कुठे लाट आत आली की मागणी एकच, बंधारा घाला. तो घातला की शेजारच्या गावची पुळण जाते, मग ते गाव मागतं. मॅपलटन आमच्याकडे रांगेने आहेत, फक्त नववीत शिकवत नाहीत.

पण मला बोलायचंय खारबंदिस्तीवर. मी अलिबागच्या खारेपाटातला शेतकरी. आमची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली. बाहेरकाठ्याचा बांध मातीचा, त्यात उघाडी. ओहोटीला झडप उघडून पावसाचं पाणी बाहेर, भरतीला समुद्राच्या दाबानेच झडप बंद. पंप नाही, वीज नाही. बांधाला कुठे खेकड्याने भोक पाडलं की आजोबांच्या वेळी जोळ निघायचा, म्हणजे घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर. जो येणार नाही त्याला दंड. पुढे खारभूमीचा कायदा आला, बांध सरकारी झाले. आणि जोळ मोडला. आता खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की आम्ही अर्ज करतो, अर्ज फिरेपर्यंत खारं पाणी शेतात. एकदा खारं पाणी बसलं की तीन-चार वर्षं भात विसरा. मग तिथे कांदळवन उगवतं, मग ती जमीन कांदळवनाच्या नियमात, मग बांध दुरुस्त करायलाही परवानगी. मला कांदळवन नको असं नाही, लाट तेच मोडतं. पण शेत गेलं कुणाचं?

समुद्राची पातळी वाढणार म्हणतात. आमच्याकडे ती वाढायच्या आधी माणसं बांधावर यायची थांबली.

मांडवीपार | १ जून, रात्री ८.१२

खारेपाटातला, गोंयांत हांव सांगता ती खाजन शेती हीच. (सवयीने कोंकणी आली, माफ करा.) आमच्याकडे उघाडीला मानस म्हणतात, लाकडी दारं. मानशीत जाळं लावून मासे धरायचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. आता कोळंबीच्या लोभाने दारं नको तेव्हा उघडी ठेवतात आणि शेत खारवतं. गावकारीच्या, म्हणजे जमीन गावाच्या सामायिक कारभारात होती त्या काळात असं कुणी केलं असतं तर गावाने सोडलं नसतं.

झाडीतला मास्तर | २ जून, सकाळी ७.००

आम्ही गडचिरोलीकडचे. तुमचा दर्या आणि डोंगर वाचून मजा आली, पण महाराष्ट्र इकडेही आहे हो.

आमच्याकडे आपत्ती आवाज करत येत नाही. मे महिन्यात ४५-४६ अंश, तेंदूपत्ता तोडणारी माणसं पहाटे जातात आणि दुपारी बारानंतर कुणी परत येतं, कुणी येत नाही. नोंद काय होते? छातीत दुखलं. उष्माघात लिहितच नाहीत. आणि जून-जुलैत वीज. धानाच्या बांधीत रोवणी करताना चार-पाच जणी एकदम. त्यातली सवय बघा, पाऊस आला की मोहाखाली थांबायचं. ते मोहाचं झाड बांधीतलं एकटं उंच झाड.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, विजेची पूर्वसूचना देतं. माझ्या वर्गात तीन घरी चालणारा मोबाईल. म्हणून आम्ही मोजणीवर आलो. वीज दिसली की मोजा, आवाज येईपर्यंत तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर बांधी सोडा, पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही. पोरं आता आईला ओरडतात. वृक्षारोपण करा आणि पावसात वृक्षापासून दूर राहा, हे दोन्ही शिकवतो, ताई. :)

शहरी बाबू | २ जून, सकाळी ९.२५

मुंबईत रेड अलर्ट म्हणजे शाळेला सुट्टी, एवढाच अर्थ माझ्या मुलाला माहीत. २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, हे काल त्याच्यासोबत वाचलं. तो म्हणाला २०४ मिमी म्हणजे माझ्या पट्टीपेक्षा कमी, त्यात काय? मग सांगितलं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४. म्हणजे त्याच्या छातीपर्यंत, सगळीकडे, निचराच झाला नाही असं धरलं तर. आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३! एकाच शहरात. त्यावर त्याचा प्रश्न : मग अंदाज सांगणाऱ्याने मुंबईत किती पडणार म्हणून सांगायचं?

हवामान बदल त्यालाच धरून शिकवता येतो. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतात १९५० ते २०१५ मध्ये मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं आलंय. एकूण पाऊस वाढला असं नव्हे. तोच पाऊस कमी दिवसांत ओतला जातो, आणि मधे कोरडं. अरबी समुद्र तापला, वाफ जास्त.

तटस्थ | २ जून, सकाळी ११.५०

सगळं छान, पण हा अतिरेक होतोय असं नाही का वाटत? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यांच्याच घरामागच्या डोंगराची भीती घालायची. आईबाप घर सोडून जाऊ शकत नाहीत, मग मुलाला रात्री झोप कशी लागेल? उगाच जागांचे भाव पाडायचे.

भूगोलवाली | २ जून, दुपारी ३.१०

@तटस्थ, पहिला मुद्दा खरा आहे आणि मी त्यावर रात्रभर विचार केला. भीती त्यांना आहेच हो. जुलैत ती मुलं झोपतच नाहीत. मी शिकवणार आहे ते एवढंच की कधी घाबरायचं आणि कधी नाही. झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागल्या, वीजेचा खांब कलला, भेगेत खुंटीने मोजलेलं अंतर वाढलं, तर सांगायचं. यातलं काही नसेल तर झोपायचं.

ओडिशाचं बघा ना. १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ ला फनीच्या वेळी दहा लाखांवर माणसं आधीच हलवली आणि मृत्यू शंभराच्या आत. वादळ कमी भ्यायला शिकवून नाही झालं ते. निवारे बांधले, निरोप शेवटच्या घरापर्यंत गेला आणि लोकांनी तो खरा मानला.

भावाबद्दल काही बोलत नाही.

नारळीपोफळी | २ जून, दुपारी ४.००

निरोपाबद्दल +१. निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२०, आम्ही दिवेआगरला. निरोप वेळेवर आला, माणसं हलली, जीव वाचले. पण बागा? पन्नास वर्षांच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. भरपाई झाडामागे मोजली तेव्हा कळलं, नवीन सुपारी धरायला सात-आठ वर्षं. आपत्ती ४ जूनला संपली असं बातम्यांत होतं.

(उद्या बरोबर तीच तारीख. अवांतर, सोडा.)

भूगोलवाली | २१ जुलै, रात्री ९.५५

धागा वर काढतेय. क्षेत्रभेट झाली, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, पाऊस जोर धरायच्या आत. काय जमलं, काय फसलं ते सांगते.

फसलं : पाऊस मोजायची बाटली. सरळ कडेची घ्यायला सांगितलं होतं, अर्ध्यांनी निमुळत्या कोल्ड्रिंकच्या आणल्या. एकीची बकरीने पाडली. दोन गटांचा अलमट्टी-वाद हातघाईवर आला, आप्पा, तुमची कृपा.

जमलं : पोत्यांची थप्पी. माळवद दादांचं पत्र, त्यानंतर वर्गात बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग एकीने विचारलं, 'बाई, आपल्या शाळेचं छप्पर कसलं आहे?' पूरखुणा ५२ मिळाल्या. नकाशावर जोडल्या तर पाणी आम्हाला वाटत होतं तिथून नाही, मागच्या ओढ्याने आलं होतं हे दिसलं. नदीकडे सगळे तोंड करून बसले होते. आजीबाईंना हे माहीत होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आणि तो मुलगा. त्याने वाडीच्या वरच्या भेगेला दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आहेत, मधे सुतळी. रोज शाळेत येताना मोजतो, वहीत लिहितो. तलाठी भाऊसाहेबांना ती वही दाखवली. त्यांनी फोटो काढून वर पाठवला.

आता अडचण. नकाशावर मुलांनी एके ठिकाणी लाल ठिपका लावलाय. पायथा उभा कापून प्लॉट पाडलेत, वर पाणी काढायला गटार नाही. कातळपडवींनी सांगितलेलं सगळं तिथे एका जागी आहे. मुलांनी प्रामाणिकपणे लावला. ते प्लॉट संस्थेशी संबंधित एका व्यक्तीचे निघाले. नकाशा ग्रामपंचायतीत लावायचा ठरला होता, काल मला बोलावून सांगितलं की नकाशा छान आहे, तेवढा ठिपका काढा.

कातळपडवी | २१ जुलै, रात्री १०.२०

काढू नका. हवं तर मी येऊन उतार मोजून देतो, कागदावर सही करून. तेवढं माझ्या कामात बसतं.

पोटार्थी | २१ जुलै, रात्री १०.३३

ताई, नोकरी सांभाळून. पण ठिपका मलाही काढू नये असंच वाटतंय.

इरिगेशनवाले आप्पा | २२ जुलै, पहाटे ५.५०

ठिपक्याशेजारी सूची लिहा : 'पायथ्याची कापणी, उंची अमुक मीटर, गटार नाही'. मत लिहू नका, मोजमाप लिहा. मोजमाप खोडायला सांगणं जरा जड जातं माणसाला.

भूगोलवाली | २२ जुलै, रात्री ८.१५

आप्पा, तसंच केलंय. उंची नववी ब ने काढली, काठी आणि सावलीने, ढगातून ऊन येईपर्यंत अर्धा तास थांबून. साडेसहा मीटर. कातळपडवी, रविवारी येताय ना? एसटी सकाळी साडेनवाची आहे, स्टँडवर मुलं घ्यायला येतील.

आज तळियेला चार-पाच वर्षं उलटून गेली. सुतळी कालपासून अर्धा सेंटीमीटर ताणलीये. हॉल उघडून झाडून ठेवला आहे.